रेडिओ तापेपर्यंत

सकाळी खिडकी उघडली आणि आधी नाकाला कळलं. ओलं लाकूड अर्धवट जळून विझावं तसा वास. समोरची इमारत होती तिथेच होती, पण कुणीतरी तिच्यावर मळकी मलमल टाकली होती. खाली माणसं तोंडाला मास्क लावून एमआरटीच्या स्टेशनाकडे चालली होती. शाळेची बस आली, मुलं खोकत खोकत चढली. मी खिडकी लावली, आतल्या खोलीतली लावली, स्वयंपाकघरातली लावली आणि काही विचार न करता कपाटावरच्या रेडिओपाशी गेले. बटण दाबलं. दाबून गप्प उभी राहिले, आरती सुरू व्हायची वाट बघत देवळात उभं राहतात तशी.

खरं तर या रेडिओसाठी वाट बघावी लागत नाही. तो दिसायला जुना लाकडी आहे, आतून आजचा आहे. बटण दाबलं की लगेच बोलतो. तरी मी मान खाली घालून थांबते, आवाजाची कळ नंतर फिरवते. चार वर्षांपूर्वीच्या धुराने ही सवय लावली.

या देशात, सिंगापुरात, ऋतू नाहीत. जानेवारीत उकडतं, जूनमध्ये उकडतं, मधेमधे पाऊस पडतो आणि पुन्हा उकडतं. आमच्या तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीवरून महिना ओळखता येतो. इथे कॅलेंडर बघावं लागतं. फक्त काही वर्षांनी एकदा समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगलं पेटतात, वारा इकडे वळतो आणि सगळ्या शहरावर धूर येऊन बसतो. इथले लोक त्याला हेज म्हणतात. मला तो इथला एकुलता एक ऋतू वाटतो. येतो तेव्हा नाकातून, डोळ्यांतून आत शिरतो आणि लहानमोठ्या सगळ्यांना घरात कोंडतो. आणि घरात कोंडलेली माणसं कुठे कुठे जाऊन येतात, ते मी २०१५च्या धुरात बघितलं.

मी शिंप्याची मुलगी. आठवीनंतर शाळा सुटली, काजं-बटणं करायला दुकानात बसले, लग्न झालं, ते फार टिकलं नाही, परत दुकानात बसले. पुण्याच्या एका इंजिनीयर जोडप्याबरोबर त्यांचं बाळ सांभाळायला म्हणून सिंगापूरला आले. ते लोक पुण्याला परत गेले आणि मी दोन इमारती पलीकडे विनी आंटीकडे कामाला लागले. वर्क परमिट म्हणजे कच्ची शिलाई असते. कापड धरून ठेवते, पण एक टोक ओढलं की सगळी सुटते. त्यामुळे मी इथे पहिल्या दिवसापासून घाबरलेली आहे. भांडं निसटलं तरी आधी माफी मागते. दाराची घंटा वाजली तरी वाटतं, आपल्यालाच न्यायला आले.

विनी आंटी मूळची इंग्लंडची. उत्तरेकडच्या एका कापडगिरण्यांच्या गावातली. सिंगापूरहून तिकडे शिकायला आलेल्या मिस्टर टॅन नावाच्या माणसाशी लग्न करून ती तरुणपणी इथे आली आणि इथलीच झाली. चहा तिकडचा प्यायची, रागावली की इथलं ‘लाह’ लावून बोलायची. मिस्टर टॅन जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ज्यून. तांजोंग पगार भागातल्या मोठ्या ऑफिसात काम करायची आणि वेगळी राहायची.

मी आंटीकडे कामाला गेले त्या पहिल्या दिवशी दुपारी ओट्यापाशी उभी राहून जेवत होते. आंटी आली, बघितलं, आणि म्हणाली, “उभ्याने घोडे खातात. तू घोडा आहेस?” मग स्वतः खुर्ची ओढली, टेबलावर आपल्यासमोर माझं ताट ठेवलं. तेव्हापासून आम्ही समोरासमोर जेवलो. ती इंग्रजीत बोलायची. माझ्या कानात ते आता मराठीतच उरलंय. खुर्चीचं हे एवढंसं वाटेल कुणाला. पण परक्या घरात बसायला खुर्ची मिळणं काय असतं, ते उभ्याने जेवलेल्यालाच कळतं.

डोकं नीट होतं तेव्हा ती मला तिच्या लहानपणचा रविवार सांगायची. किती वेळा सांगितला असेल! तिच्या गावात धुकं आणि गिरण्यांचा धूर एकमेकांत मिसळायचे आणि हात पुढे केला तर बोटं दिसायची नाहीत. अशा रविवारी कुणी बाहेर पडायचं नाही. ओव्हनमध्ये मटण भाजत असायचं, काचांवर वाफ धरायची, आणि घरातले सगळे खुर्च्या ओढून रेडिओभोवती बसायचे. घरात वीज नव्हती तेव्हा रेडिओ चालायचा काचेच्या बॅटरीवर. आत ॲसिड. ती उतरली की दुकानात नेऊन भरून आणायची. हे काम विनीचं. एका हातात बॅटरी, हात अंगापासून लांब, कारण थेंब सांडला तर फ्रॉकला भोक. वीज आली तसा वडिलांनी मोठा लाकडी रेडिओ घेतला. त्याला बॅटरी लागायची नाही, पण तो तापायला वेळ घ्यायचा. बटण दाबलं की आत हळूहळू पिवळा उजेड चढायचा आणि तोपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. “देव येणार असल्यासारखं,” आंटी म्हणायची.

मग दुपारी गाणी. दूरदेशी असलेल्या सैनिकांना त्यांच्या घरच्यांनी पाठवलेली, नाव घेऊन, निरोप देऊन. आई ती ऐकताना बटाटे सोलायची थांबायची. मग हसवणारा कार्यक्रम. वडील विनोद पुरा व्हायच्या आधीच हसायचे आणि मग बाकीच्यांना विनोद ऐकूच यायचा नाही. सगळे ओरडायचे, “बाबा!” संध्याकाळी चर्चची गाणी, मग वेळेचे ठोके. ठोके पडले की वडील खिशातलं घड्याळ काढून जुळवायचे, जसं काही उभं जग त्यांच्या घड्याळाची वाट बघत थांबलंय.

मला हे ऐकताना आमचं दुकान दिसायचं. आप्पांचं शिलाई मशीन आणि आप्पांचा रेडिओ, दोन्ही सकाळी एकदम सुरू व्हायचे. सकाळच्या अभंगांवर लेंगे व्हायचे, दुपारच्या शेतीच्या गप्पांवर ब्लाउज. बातम्या लागल्या की आप्पा पायडल थांबवायचे आणि सुई कापडात तशीच रुतवून ठेवायचे. गिऱ्हाईक बोलायला लागलं तर टेपाने त्याच्या हातावर हलकेच मारायचे. “गप, जगात काय चाललंय बघू दे.” जगाशी आमचा संबंध तेवढाच. त्या जगात मी कधी येऊन पडेन असं ना त्यांना वाटलं होतं ना मला.

हळूहळू आंटी विसरायला लागली. आधी नावं, मग दिवस. ज्यूनला कधी नर्स समजायची, कधी स्वतःची बहीण. पण खात होती, झोपत होती, निभत होतं. आणि मग तो धूर आला.

धुरामुळे ती बिघडेल अशी मला भीती होती. तिची छाती आधीच नाजूक. मी दर थोड्या वेळाने फोनवर धुराचा आकडा बघायचे, ओले टॉवेल दाराच्या फटीत घालायचे. पण झालं वेगळंच. सकाळी ती खिडकीपाशी गेली, बाहेरचं पांढरं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. “केवढं धुकं पडलंय! आज बाबा कुठे जाणार नाहीत.” तिच्यासाठी तो रविवार होता. दुसऱ्या दिवशीही रविवार. धूर हटेना तसा रविवारही हटेना.

त्याच आठवड्यात मी वाळलेले कपडे काढायला आतल्या खोलीत गेले आणि परत आले तर जाळीचं दार उघडं. आंटीची पिशवी नाही, आंटी नाही. मी मास्क न लावताच धावले. लिफ्ट, खालचा मोकळा तळमजला, रस्ता. सगळं करडं. हाका मारल्या तर घशात धूर जात होता. ती सापडली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानात. म्हाताऱ्या दुकानदाराने तिला स्टुलावर बसवलं होतं, पाणी दिलं होतं. मला बघून तो म्हणाला, “सिस्टर, आंटीला बॅटरी पाहिजे. मी सगळ्या दाखवल्या. म्हणते, छोट्या आहेत, लाह.”

आंटी खोकत होती. खोकता खोकता मला म्हणाली, “आईला सांग, बॅटरी अजून भरली नाही. रेडिओ लागायचा नाही.”

नंतर किती तरी दिवस तिची छाती घरघरत होती. डॉक्टर म्हणाले, या धुरात परत बाहेर जाऊ देऊ नका. दाराला कुलूप लावून बघितलं. पण ती जाळी धरून हलवत राहिली, मनगटं काळीनिळी होईपर्यंत. मग मीच रडत कुलूप काढलं. ज्यून मॅडम आल्या, मनगटं बघितली आणि माझ्याशी फार हळू बोलल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं. हळू बोलणं जास्त घाबरवतं.

“शॅलन,” माझं नाव त्या असंच घेतात, “तुझा दोष नाही. पण हे असं कॅनॉट, लाह. तू एकटी. मी ऑफिसात. ओळखीचं एक नर्सिंग होम आहे, तिथे एक जागा होतेय. पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी आईला बघायला येते आणि मग त्यांना उत्तर देते.”

“मॅडम, तिथे त्यांना रेडिओ लावू देतील?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच लहान मूल. “तिथे हॉलमध्ये टीव्ही आहे.”

आंटी होममध्ये गेली की माझं परमिट संपणार, हे सांगायची गरज नव्हती. त्याची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण झोपताना डोळ्यांसमोर यायचं ते वेगळंच. एक लांब खोली, ओळीने पलंग, आणि आंटी प्रत्येक खिडकीपाशी जाऊन विचारतेय, बॅटरी कुठे भरून मिळते.

मग मला एक सुचलं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घासली, पाणी भरलं, झाकण गच्च लावलं. सकाळी आंटी पिशवी शोधायला लागली की मी म्हणायचे, “आंटी, आज बाहेर फार धुकं आहे. मी आणते बॅटरी.” मास्क लावून, बरणी पिशवीत घालून मी लिफ्टपर्यंत जायचे, तिथे थोडी थांबायचे आणि परत यायचे. येताना हात अंगापासून लांब. ती दारातच उभी असायची. “सांडली नाहीस ना? फ्रॉक बघू.” मी पंजाबी ड्रेसची ओढणी पसरून दाखवायचे. ती बोटांनी चाचपून भोकं शोधायची. नाही सापडली की पाठीवर थाप. “शहाणी आहेस.”

मग रेडिओ, आज माझ्या कपाटावर आहे तोच. ज्यून मॅडमनी कधीतरी जुनी गाणी, जुने हसवणारे कार्यक्रम पेनड्राइव्हवर भरून त्यात लावून दिले होते. बॅटरीचा रेडिओ आणि तापणारा रेडिओ हे दोन वेगळे, पण आंटीच्या डोक्यात ते आता एकच झाले होते. बरणी शेजारी ठेवायची, बटण दाबायचं, आणि थांबायचं. मी आवाजाची कळ बंदच ठेवायचे. आम्ही दोघी हात बांधून उभ्या. ती मधेच तळवा लाकडाला लावून बघायची. “तापू दे, तापू दे.” मग मान हलवायची आणि मी कळ फिरवायचे.

दिवसभर रविवार चालायचा. मी कोंबडीचे तुकडे बटाट्याबरोबर भाजायचे आणि तिला नको म्हणून माझ्या ताटात चटणी वेगळी घ्यायचे. गाणी लागली की बटाटे सोलायची थांबायचे, कारण तिची आई थांबायची. हसवणारा कार्यक्रम लागला की ती वडिलांसारखी आधीच हसायची. मला तर त्यातलं अर्धं इंग्रजी कळायचं नाही. पण “आंटी!” असं ओरडायचं काम माझं, आणि ते मी चोख करायचे. घर असं वाजतं-हसतं असायचं आणि माझं लक्ष सगळा वेळ दाराकडे. रेडिओ चालू आहे तोवर ती आत आहे. बंद झाला की ती पिशवी शोधणार. मी न्हाणीत जातानाही आवाज मोठा करून जायचे. कार्यक्रम संपायला आला की पुढचा लावायला मी आधीच रेडिओपाशी जाऊन उभी राहायचे.

अशात नवरात्र आलं. आप्पांचा फोन आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शिंप्याच्या घरी मशीन, कात्री, टेप, इस्त्री. आप्पा रेडिओलाही कुंकू लावायचे. म्हणायचे, “ह्याच्या तालावर पाय चालतोय, मग हे बी हत्यारच.” आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर खडखडणारं आमचं दुकान त्या एका दिवशी गप्प. झेंडूचा वास, आई पुरण वाटतेय आणि रेडिओ मुका. मला लहानपणी ती शांतता फार आवडायची. सण म्हणजे माझ्यासाठी आवाज नव्हे; सण म्हणजे मशीन थांबलेलं ऐकू येणं.

आप्पांनी विचारलं, “तिथं काय पुजतीस?”

“काय पुजणार, आप्पा? झाडू?”

“थट्टा करू नगंस. ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं. कशावर चालतंय तुझं?”

मी वळून बघितलं. आंटी खुर्चीत मान हलवत होती. रेडिओ गात होता. “रेडिओवर, आप्पा,” मी म्हणाले.

“मग त्येला हळदकुंकू लाव,” आप्पा म्हणाले. “आणि त्या दिवशी चालवू नगंस. माझ्या चुलत्यानं नवमीला घाईचं काम काढलं, सुई बोटातनं आरपार. दसऱ्याला सकाळी सुरू कर.”

नवमी बुधवारी होती. ज्यून मॅडम येणार तो बुधवार. मी मंगळवारभर घालमेलीत. रेडिओ बंद ठेवला आणि आंटी दाराबाहेर गेली तर सगळं संपलं. चालू ठेवला आणि नवमीने काही वेडंवाकडं दाखवलं तर? शिकलेली माणसं हसतील. पण परमुलखात एकट्या बाईला बापाचं सांगणं मोडवत नाही. तेवढंच तर बरोबर आणलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या रेडिओचे उपकार वाटत होते. त्याने आंटीला घरात धरून ठेवलं होतं, मलाही. मनात म्हटलं, बाबा रे, एक दिवस तूही बस.

सकाळी अंघोळ करून रेडिओखाली निळं कापड घातलं, हळदकुंकू लावलं, लिटल इंडियातून आणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या झेंडूतलं एक फूल वर ठेवलं. बरणी भरली नाही.

आंटी उठून बाहेर आली. रेडिओकडे बघत उभी राहिली.

“बॅटरी?”

“आज नाही, आंटी. आज तो बसलाय. आज त्याला बोलायचं नाही.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

तिने फुलाकडे बघितलं. लाल ठिपक्याकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

मला कळेना. ती म्हणाली, “आमचा राजा गेला तेव्हा रेडिओ असाच गप्प होता. गाणी नाहीत, हसणं नाही. नुसत्या बातम्या, आणि मग काही नाही. बाबा म्हणाले, विनी, पडदे ओढ.”

ती वळली आणि चालायला लागली. मी तिच्या आधी धावले आणि जाळीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. पण ती दाराकडे आलीच नाही. कपाटापाशी गेली. गडद निळा ड्रेस काढला, अंगात चढवला आणि पाठमोरी उभी राहिली. मी जाऊन बटणं लावली. माझ्या बोटांची हळद त्या निळ्यावर उमटली. मग तिने पडदे ओढले. बाहेरचा धुराचा उजेड आत पिवळट होऊन झिरपत राहिला. ती रेडिओसमोर बसली आणि शेजारची खुर्ची मला दाखवली.

“बाबा गेले ना?”

महिनाभर मी तिला सांगत आले होते, बाबा वर झोपलेत, बाबा शेजारी गेलेत, बाबा येतायत. रोज नवी थाप, रोज भीती की पकडले जाईन. त्या दिवशी पुजलेल्या हत्यारासमोर बसून ते तोंडातून निघेना.

“हो, आंटी. गेले.”

“कधी?”

“फार वर्षं झाली.”

“मी होते तिथे?”

“नाही. तुम्ही इथे होता.”

तिने मांडीवरचा ड्रेस सारखा केला. रडेल, उठेल, जाळी हलवेल, मी कशालाही तयार होते. मग ती आपल्याशीच म्हणाली, “ज्यूनला गोवर निघाला होता. अंगभर. मी कशी जाणार होते? बातमी आली तेव्हा त्यांना पुरलंसुद्धा होतं. मी ज्यूनला औषध पाजलं, भात लावला. बसायला वेळच नव्हता.”

एवढं सरळ, एका दमात, ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. आणि मी समोर बसून घाबरले ते वेगळ्याच कारणाने. माझे आप्पा एवढ्यात फोनवर दोनदोनदा तेच विचारायला लागले होते. उद्या त्यांचं काही झालं तर मीही इथे कुणाचा तरी भात लावत असेन. बसायला वेळ नसेल. ती बसली होती पन्नासेक वर्षांनी. तेही धुराने आणि माझ्या झेंडूने तिला बसवलं म्हणून.

दिवसभर आम्ही तशाच होतो. मधे जेवलो, तिने सगळं खाल्लं. दाराकडे एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी ज्यून मॅडम आल्या. मास्क एका कानावर लोंबतोय, हातात पिशवीत चिकन राइस. अंधारलेली खोली, निळा ड्रेस, रेडिओवर फूल. त्या दारातच थांबल्या. “काय झालं? शॅलन? काय झालं?”

मी तोंड उघडण्याआधी आंटी म्हणाली, “ज्यून, बस. तुझे आजोबा गेले.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो पुसला गेला. कारण त्यांना कळलं, आईने नाव बरोबर घेतलं होतं. त्या बूट न काढताच बसल्या. आंटीने त्यांचा हात घेतला आणि मांडीवर ठेवला.

“विनोद व्हायच्या आधीच हसायचे,” आंटी म्हणाली. “आम्हाला कुणाला काही ऐकू यायचं नाही.”

“तूही तेच करतेस, ममी,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं हसणं मधेच फुटलं. आंटी मात्र खरंच हसली. त्या दोघी बोलत राहिल्या आणि मी चिकन राइस ताटांत वाढायला आत गेले. नर्सिंग होमला काय उत्तर देणार, ते मॅडम अजून बोलल्या नव्हत्या.

थोड्या वेळाने मॅडम स्वयंपाकघरात आल्या. “ते फूल कशाला?”

मी सांगितलं. जमेल तशा इंग्रजीत. मशीन, कात्री, नवमी, आप्पा. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “पपांची आई चुलीच्या देवापुढे गोड ठेवायची. देवाने वर जाऊन घराविषयी गोड बोलावं म्हणून.” मग थांबून, “आईने मला आजोबांचं कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या गोवराचंही.”

त्यांनी तिथेच उभ्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाला सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. फोन ठेवून माझ्याकडे न बघता ताटं उचलली.

“धूर जाईपर्यंत मी इथेच झोपते. सोफ्यावर. कॅन?”

“कॅन, मॅडम,” मी म्हणाले.

दसऱ्याला सकाळी मी फूल काढलं, बरणी भरली, लिफ्टपर्यंत जाऊन आले. मॅडम ऑफिसच्या कपड्यांत उभ्या. बटण दाबलं तशी त्यांनी कळ फिरवायला हात पुढे केला. आंटीने तो अडवला. “थांब, अगं. तापू दे.” मग आम्ही तिघी हात बांधून उभ्या राहिलो.

आंटी त्यानंतर दाराकडे गेलीच नाही असं नाही. गेली, पुष्कळदा. पण तेव्हा घरात मॅडम आणि मी अशा दोघी होतो. मग पाऊस आला, धूर धुऊन गेला, मॅडमनी आठवड्यातले काही दिवस राहणं तसंच ठेवलं. पुढे दीड वर्षाने आंटी तिच्याच पलंगावर गेली, पहाटे, झोपेत. रेडिओ मॅडमनी माझ्याकडे दिला आणि त्यांच्याच ओळखीने मला इथे, जवळच, एका घरी काम मिळालं. परमिटची कच्ची शिलाई पुन्हा एकदा टाकली गेली.

आज तो धूर परत आलाय. घट बसायला अजून अवकाश आहे. मी खिडक्या लावल्या, रेडिओ लावला, आणि त्याच वेळी फोन वाजला. दादाचा, माझ्या भावाचा नंबर. घरचा फोन रविवारी येतो. आज रविवार नव्हता.

फोन कानाला लावला. पलीकडे काही नाही. “हॅलो? दादा?” काही नाही. नुसती पोकळी. आमच्या दुकानात अशी शांतता म्हणजे सण. आंटीच्या घरी अशी शांतता म्हणजे कुणीतरी गेलं. यातली ही कुठली, ते कळेपर्यंत मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. मनातल्या मनात म्हणत होते, थांब. तापू दे. तापू दे.

“अगं, बोल की!” एकदम आप्पांचा आवाज. “मगाधरनं मी एकटाच बोलतोय. तू गप्प का? जीव घाबरा झाला माझा.”

“ऐकू येत नव्हतं, आप्पा.” मी बसलेच.

“रेडिओवर सांगितलं, तिकडं धूर झालाय म्हणून. खिडक्या लाव.”

“लावल्यात.”

“आणि नवमीचं ध्यानात ठेव. काय ते पुज. हितं आता मशीन कोण पुजणार कुणास ठाऊक. माझं हात कापत्यात, कुंकू खाली सांडतंय.”

“मी येते, आप्पा,” मी म्हणाले. “नवमीला मी येते. आपण दोघं बसू.”

रजा अजून मागायची होती. मिळेल की नाही, माहीत नव्हतं. पलीकडे पुन्हा गप्प झालं. मी फोन तसाच कानाला धरून थांबले. आप्पांना आताशा बोलायला वेळ लागतो.